पेट्री इजिप्शियन पुरातत्त्व संग्रहालय

पेट्री इजिप्शियन पुरातत्त्व संग्रहालय हे लंडनमधील ब्लूम्सबरी भागात मॅलेट प्लेस येथे असलेले, प्राचीन इजिप्त व सुदान येथील वस्तूंचे संग्रहालय आहे. ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन या शिक्षणसंस्थेचा भाग आहे. संग्रहात ८०,०००हून अधिक वस्तू असून त्यांचा काळ प्रागैतिहासिक युगापासून इस्लामी राजवटीपर्यंत पसरलेला आहे. प्रचंड पुतळे, सुवर्णालंकार किंवा राजेशाही शवपेट्या यांसाठी हे संग्रहालय प्रसिद्ध नाही. मणी, ताईत, खापरे, वजने, साचे, अवजारे, कापडाचे तुकडे, पपायरसचे कपटे, मूर्तींचे भग्नावशेष अशा लहानसहान वस्तू हेच त्याचे वैशिष्ट्य होय. यांतील पुष्कळशा वस्तू कोणत्या गावात, कोणत्या थडग्यात वा घरात सापडल्या, याची नोंद उपलब्ध असल्यामुळे प्राचीन इजिप्तमधील सामान्य माणसाच्या जीवनाचा अभ्यास करण्यासाठी हा संग्रह महत्त्वाचा मानला जातो.

स्थापना

संग्रहालयाची स्थापना १८९२ मध्ये ब्रिटिश लेखिका अमेलिया एडवर्ड्स (१८३१–१८९२) यांच्या मृत्युपत्रामुळे झाली. एडवर्ड्स कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध होत्या. १८७३–७४ मध्ये त्यांनी नाईल नदीतून बोटीने प्रवास केला. वाळूत गाडली गेलेली देवळे, पर्यटकांनी खरवडलेल्या भिंती आणि वस्तूंची चाललेली राजरोस विक्री पाहून प्राचीन अवशेषांच्या रक्षणाचे काम त्यांनी हाती घेतले. १८८२ मध्ये ‘इजिप्त एक्सप्लोरेशन फंड’ ही संस्था स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शास्त्रशुद्ध उत्खननासाठी निधी उभारणे हा या संस्थेचा हेतू होता.

एडवर्ड्स यांनी आपला ग्रंथसंग्रह, काहीशे इजिप्शियन वस्तू आणि इजिप्तविद्येचे अध्यासन चालविण्यासाठी लागणारी रक्कम युनिव्हर्सिटी कॉलेजला दिली. ही संस्था स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी घेऊ देत असे, म्हणूनच त्यांनी तिची निवड केली. इंग्लंडमधील इजिप्तविद्येचे हे पहिले अध्यासन होय. एडवर्ड्स यांच्या इच्छेनुसार त्यावर फ्लिंडर्स पेट्री यांची नियुक्ती झाली आणि ते १८९२ पासून १९३३ पर्यंत या पदावर राहिले.

प्रारंभी या वस्तूंचा उपयोग केवळ अध्यापनासाठी होता. विद्यार्थ्याने वस्तू हातात घेऊन तिचा आकार, घडण व झीज पाहून शिकावे, अशी कल्पना होती. १९१३ मध्ये पेट्री यांनी उत्खनन व खरेदी यांतून जमविलेला आपला मोठा खाजगी संग्रह महाविद्यालयाला विकला आणि अध्यापनाच्या त्या छोट्या संग्रहाला मोठ्या संग्रहालयाचे रूप आले.

फ्लिंडर्स पेट्री व लहान वस्तूंचे महत्त्व

विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री (१८५३–१९४२) यांचे औपचारिक शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. मोजमापशास्त्राची त्यांना लहानपणापासून आवड होती. १८८० मध्ये ते गिझाच्या पिरॅमिडांची अचूक मोजणी करण्यासाठी इजिप्तमध्ये गेले आणि पुढील चार दशकांहून अधिक काळ तेथे उत्खनने करीत राहिले. तानिस, नौक्रातिस, हवारा, लाहून, मेदूम, अमार्ना, कोप्तोस, नकादा, अबायदोस, मेम्फिस व तारखान ही त्यांनी उत्खनन केलेली काही प्रमुख स्थळे होत.

पेट्री यांच्या आधीच्या उत्खनकांचे लक्ष मुख्यत्वे पुतळे, शिलालेख व मौल्यवान वस्तू यांकडे असे. साधी भांडी, फुटकी खापरे, मातीचे मणी हे राडारोड्याबरोबर फेकून दिले जात. पेट्री यांनी ही पद्धत नाकारली. कोरीव लेख नसलेल्या वस्तूही कालनिर्णयास उपयोगी पडतात, किंबहुना ज्या काळात लेखनच नव्हते त्या काळाचा तोच एकमेव पुरावा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. एखादी वस्तू कोठे आणि कशाबरोबर सापडली, हा तिचा संदर्भ नष्ट झाला तर तिचे निम्मे बोलणे बंद होते, असा या भूमिकेचा आशय आहे. म्हणूनच संग्रहालयातील अनेक वस्तूंवर उत्खननस्थळाचा किंवा थडग्याचा क्रमांक शाईने लिहिलेला आढळतो.

दृष्टिकोनातील हा फरक अबायदोस येथील एका घटनेतून स्पष्ट होतो. पहिल्या राजवंशातील जेर या राजाच्या थडग्यात, भिंतीच्या पोकळीत, कापडात गुंडाळलेला एक मानवी हात सापडला. त्यावर सोने, पिरोजा व लाजवर्द यांच्या बांगड्या होत्या. ही वस्तू कैरोच्या संग्रहालयाकडे गेली. तेथील अधिकाऱ्याने बांगड्या ठेवून घेतल्या आणि हात व कापड फेकून दिले, असे पेट्री यांनी नमूद केले आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्यातील व्यक्तीचा अवशेष आणि त्या काळचे विणकाम अशा रीतीने कायमचे नाहीसे झाले.

खापरांवरून कालक्रम

संग्रहालयातील मातीच्या भांड्यांचा पुरातत्त्वशास्त्राच्या इतिहासाशी विशेष संबंध आहे. १८९४–९५ च्या हंगामात पेट्री व त्यांचे सहकारी जेम्स क्विबेल यांनी उत्तर इजिप्तच्या तुलनेत उंचावर असलेल्या, म्हणजे दक्षिणेकडील ‘अपर इजिप्त’मधील नकादा येथे दोन हजारांच्या आसपास थडगी खणली. त्यांत लेख नव्हते, राजांची नावे नव्हती, ओळखीची भांडीही नव्हती. ही थडगी बाहेरून आलेल्या एका ‘नव्या वंशा’ची असावीत, असा निष्कर्ष पेट्री यांनी काढला. तो चुकीचा होता. ही थडगी फॅरोंच्या पूर्वीच्या, इजिप्तमधील मूळ रहिवाशांचीच आहेत, हे फ्रेंच संशोधक जाक द मॉर्गां यांनी दाखवून दिले आणि पुढे पेट्री यांनीही ते मान्य केले.

त्यानंतर या थडग्यांचा परस्परक्रम कसा लावावा, हा प्रश्न उभा राहिला. पेट्री यांनी भांड्यांची नऊ मुख्य वर्गांत विभागणी केली. भरपूर प्रकारची भांडी असलेली सुमारे ९०० थडगी निवडून प्रत्येक थडग्यातील भांड्यांचे प्रकार कागदाच्या एकेका पट्टीवर लिहिले. सारखे प्रकार असलेल्या पट्ट्या जवळजवळ येतील अशा रीतीने त्या पुन्हा पुन्हा मांडून त्यांनी एक क्रम तयार केला. या क्रमाची दिशा ठरविण्यास नागमोडी मुठीच्या भांड्यांनी मदत केली. सुरुवातीच्या भांड्यांचे पोट फुगीर असून मुठी खरोखर धरता येण्याजोग्या होत्या. पुढे भांडे निमुळते होत गेले, मुठीची नुसती नक्षी उरली आणि अखेरीस नळकांडीसारख्या भांड्यावर केवळ एक नागमोडी रेघ राहिली.

या क्रमाला पेट्री यांनी ३० पासून ८० पर्यंत अंक दिले. त्याहून जुने अवशेष पुढेमागे सापडतील या अपेक्षेने १ ते २९ हे अंक मोकळे ठेवले. ही अंकपद्धती वर्षे सांगत नाही, केवळ आधीचे व नंतरचे एवढेच सांगते. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रीत क्रमनिर्धारणाचे आद्य उदाहरण मानली जाते. पुढील संशोधकांनी तिच्यात बरीच दुरुस्ती केली. आज हा काळ नकादा १, २ व ३ अशा टप्प्यांत विभागला जातो. तथापि लेख नसलेल्या काळाचा क्रम साध्या भांड्यांवरून लावता येतो, हे मूलतत्त्व कायम राहिले आहे.

पेट्री यांच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर यांनी आपल्या ‘आर्किऑलॉजी फ्रॉम द अर्थ’ (१९५४) या ग्रंथात पेट्री यांच्या उत्खननातील उणिवा दाखविल्या. मातीच्या थरांची काटेकोर नोंद पेट्री यांनी केली नाही, हा त्यांतील मुख्य आक्षेप होय.

संग्रहातील प्रमुख वस्तू

तारखानचा पोशाख

कैरोच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या तारखान येथील एका मोठ्या थडग्यातून १९१३ मध्ये मळकट कापडाचे एक गाठोडे मिळाले. हे थडगे प्राचीन काळीच लुटले गेले होते. गाठोडे लंडनला आले आणि सहा दशकांहून अधिक काळ तसेच पडून राहिले. १९७७ मध्ये ते स्वच्छतेसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील तज्ज्ञांकडे पाठविण्यात आले, तेव्हा त्यात अळशीच्या धाग्याचा, बारीक चुण्यांच्या बाह्यांचा एक अंगरखा असल्याचे उघड झाले. त्याचा खालचा भाग शिल्लक नाही.

हा अंगरखा उलटा, म्हणजे आतली बाजू बाहेर आलेल्या स्थितीत सापडला. कोपर व काखेच्या जागी पडलेल्या सुरकुत्यांवरून तो कोणीतरी प्रत्यक्ष वापरलेला होता, हे स्पष्ट होते. ऑक्सफर्ड येथे केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन कालमापनानुसार त्याचा काळ ९५ टक्के संभाव्यतेने इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ यांच्या दरम्यान येतो. अंगावर गुंडाळण्याची प्राचीन वस्त्रे अन्यत्रही मिळाली आहेत. परंतु मापात बेतून शिवलेल्या विणीव वस्त्रांमध्ये याहून जुने वस्त्र आजवर ज्ञात नाही.

गर्झे येथील लोखंडी मणी

१९११ मध्ये जेराल्ड वेनराइट यांना गर्झे येथील दोन थडग्यांत नऊ लोखंडी मणी मिळाले. त्यांतील सात एका थडग्यात, तर दोन दुसऱ्या थडग्यात होते. एका थडग्यात ते सोने व रंगीत दगडांच्या मण्यांबरोबर ओवलेले होते. त्यांचा काळ इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचा आहे. इजिप्तमध्ये खनिजापासून लोखंड गाळण्याची विद्या यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी रूढ झाली. त्यामुळे हे लोखंड आले कोठून, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत होता.

नऊपैकी तीन मणी पेट्री संग्रहालयात आहेत. ते पूर्णपणे गंजलेले असून दिसण्यात मातीच्या नळीसारखे आहेत. १९२० च्या दशकातील परीक्षणात मण्यांत निकेल आढळले होते, परंतु त्यावरून एकमत झाले नाही. २०१३ मध्ये मँचेस्टर व लंडन येथील संशोधकांच्या दोन स्वतंत्र गटांनी मण्यांना धक्का न लावता त्यांची तपासणी केली. लंडनच्या गटाला निकेलबरोबरच कोबाल्ट, फॉस्फरस व जर्मेनियम यांचे असे प्रमाण आढळले की, जे अशनीच्या लोखंडातच असते. आकाशातून पडलेल्या या धातूचा ठोकून पातळ पत्रा केला गेला आणि तो वळवून नळी बनविण्यात आली, हेही सिद्ध झाले. अशनीचे लोखंड कठीण व ठिसूळ असल्यामुळे इतक्या प्राचीन काळी त्यावर असे काम होणे हे तत्कालीन कारागिरांच्या कौशल्याचे द्योतक आहे. पुढील काळातील इजिप्शियन भाषेत लोखंडाला ‘आकाशातील धातू’ अशा अर्थाचा शब्द आढळतो.

लाहूनचे पपायरस

फायूमजवळील लाहून येथे बाराव्या राजवंशातील दुसरा सेनुस्रेत याच्या पिरॅमिडलगत एक आखीव नगर होते. पेट्री यांनी त्याला ‘काहून’ असे नाव दिले. १८८९–९० मध्ये तेथील कच्च्या विटांची घरे उकरताना पपायरसचे असंख्य तुकडे मिळाले. त्यांवर हिएरॅटिक म्हणजे शीघ्र लिपीत पत्रे, हिशेब, कुटुंबांच्या नोंदी, गणिते, स्तोत्रे व वैद्यकीय मजकूर लिहिलेला आहे. फ्रान्सिस ग्रिफिथ यांनी त्यांचे वाचन करून १८९८ मध्ये ते प्रसिद्ध केले.

यांतील स्त्रीरोगविषयक पपायरस इ.स.पू. १८०० च्या सुमाराचा असून इजिप्तमधील उपलब्ध वैद्यकीय ग्रंथांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. गर्भधारणा होईल किंवा नाही हे ओळखण्याच्या रीती, गर्भनिरोधाचे उपाय आणि स्त्रियांच्या दुखण्यांवरील औषधे त्यात सांगितली आहेत. वापरून जीर्ण झालेला हा कागद प्राचीन काळीच मागून ठिगळ लावून दुरुस्त करण्यात आला होता. म्हणजेच तो कोणाच्या तरी नित्य वापरात होता. जनावरांच्या रोगांवरील एक पपायरसही याच संग्रहात आहे.

दुसऱ्या एका पपायरसावर वाह नावाच्या पुरोहिताने केलेले संपत्तीचे हस्तांतर नोंदविले आहे. भावाकडून मिळालेली मालमत्ता तो पत्नीच्या नावे करतो, तिला होणाऱ्या मुलांपैकी आपल्या इच्छेस येईल त्याला ती देण्याचा अधिकार देतो आणि घरातून तिला कोणी बाहेर काढू नये, अशी तजवीज करतो. याच दस्तऐवजात पश्चिम आशियातून आलेल्या चार गुलामांचाही मालमत्ता म्हणून उल्लेख आहे. सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचे स्त्रीचे अधिकार आणि गुलामगिरी या दोन्ही गोष्टी या एकाच कपट्यावर नोंदलेल्या आहेत.

मण्यांचा जाळीदार पोशाख

काउ या ठिकाणी गाय ब्रंटन यांनी १९२३–२४ मध्ये केलेल्या उत्खननात पाचव्या राजवंशाच्या काळातील (सुमारे इ.स.पू. २४००) फायन्सचे पुष्कळ मणी एका थडग्यात मिळाले. दोरा कुजून गेल्यामुळे ते सुटे झाले होते. १९९० च्या दशकात त्यांची जुळणी करून जाळीदार पोशाख तयार करण्यात आला. त्याच्या काठाला शंखशिंपले लावलेले असून त्यांत बारीक खडे भरलेले आहेत. पोशाख घालणारी व्यक्ती चालू वा नाचू लागली की ते वाजत असावेत. जुन्या राजवटीच्या काळातील चित्रांत असे जाळीदार पोशाख दिसतात.

अमार्नाचे भग्नावशेष

अखेनातेन या राजाने वसविलेल्या अमार्ना या राजधानीत पेट्री यांनी १८९१–९२ मध्ये काम केले. पुढे तुतानखामेनच्या थडग्याचा शोध लावणारे हॉवर्ड कार्टर त्या वेळी सतरा वर्षांचे होते आणि तेथे पेट्री यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेत होते. संग्रहालयात येथील राजमूर्तींचे तुकडे, रंगीत फरशा, भिंतींत बसविण्याच्या नक्षीचे भाग, काचेच्या कांड्या आणि अंगठ्या व लोलक बनविण्याचे मातीचे साचे आहेत. साचे, कच्चा माल आणि बिघडलेल्या वस्तू एकत्र मिळाल्यामुळे त्या काळी काच व फायन्स कसे बनवीत, हे समजण्यास मोठी मदत झाली.

याच उत्खननात राजवाड्याची एक रंगविलेली जमीन उजेडात आली. ती जागीच जतन करण्यासाठी पेट्री यांनी तिच्यावर स्वतः लेप चढविला होता. परंतु ती पाहण्यासाठी येणारे लोक शेतातून चालत जाऊन पिके तुडवीत, म्हणून १९१२ मध्ये ती तोडून टाकण्यात आली. काही भाग कैरोच्या संग्रहालयात आहेत.

अबायदोसची नामपट्टिका व मुद्रा

अबायदोस येथील पहिल्या राजवंशाची थडगी एमील आमेलिनो या फ्रेंच उत्खनकाने आधीच उकरली होती. त्यांनी मागे सोडलेल्या ढिगाऱ्यांतून पेट्री यांनी १८९९ पासून हस्तिदंत व लाकडाच्या छोट्या पट्टिका, मातीवरील मुद्रांचे ठसे आणि दगडी भांड्यांचे तुकडे वेचले. त्यांवरील नावांच्या आधारे इजिप्तमधील आद्य राजांचा क्रम लावणे शक्य झाले. त्यांतील काही तुकडे या संग्रहालयात आहेत.

नित्य वापराच्या व धार्मिक लहान वस्तू

संग्रहातील फार मोठा भाग खालील प्रकारच्या वस्तूंनी व्यापलेला आहे.

ताईत : इजिप्शियन लोक जिवंतपणी अंगावर आणि मृत्यूनंतर ममीच्या वस्त्रांत ताईत बाळगीत. होरसचा डोळा, जीवनचिन्ह, स्थैर्याचा स्तंभ, देवतांच्या व प्राण्यांच्या आकृती हे त्यांतील नेहमीचे प्रकार होत. पेट्री यांनी १९१४ मध्ये याच संग्रहाच्या आधारे ताईतांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

स्कॅरब : शेणाचा गोळा ढकलीत नेणाऱ्या भुंग्याच्या आकाराची ही मुद्रा होय. हा भुंगा उगवत्या सूर्याचे व पुनर्जन्माचे प्रतीक मानला जाई. सपाट बाजूवर राजांची, अधिकाऱ्यांची नावे वा शुभचिन्हे कोरलेली असतात. एखाद्या राजाचे नाव त्याच्या मृत्यूनंतरही शुभ म्हणून कोरले जात असल्यामुळे केवळ नावावरून स्कॅरबचा काळ ठरविणे धोक्याचे असते.

शब्ती : मृताबरोबर ठेवलेल्या लहान मानवी मूर्ती. परलोकात शेतीची सक्तीची कामे करण्यास बोलावणे आले, तर मृताच्या वतीने ‘मी आहे’ असे उत्तर देऊन त्यांनी ती करावीत, अशी श्रद्धा होती. उत्तरकाळात वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक अशा ३६५ आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या ३६ मूर्ती ठेवण्याची प्रथा पडली.

वजने : दगडाची घासून गुळगुळीत केलेली वजने. नव्या राजवटीच्या काळात देबेन हे सुमारे ९१ ग्रॅमचे परिमाण होते आणि त्याचा दहावा भाग म्हणजे किते. नाण्यांचा वापर नसलेल्या या समाजात वस्तूंची किंमत तांब्याच्या देबेनमध्ये सांगितली जाई.

सुरमा वाटण्याच्या पाट्या : करड्या रंगाच्या दगडाच्या, मासा, कासव वा पक्षी यांच्या आकाराच्या चपट्या पाट्या. त्यांवर हिरवे मॅलाकाइट वाटून डोळ्यांना लावीत. काहींवर वाटणाचे डाग अद्याप दिसतात.

खापरलेख : पपायरस महाग असल्यामुळे फुटक्या खापरांवर व चुनखडीच्या कपच्यांवर पावत्या, याद्या, निरोप आणि शिकाऊ लेखकांचे धडे लिहिले जात. संग्रहात हिएरॅटिक, डेमॉटिक, ग्रीक व कॉप्टिक अशा विविध लिप्यांतील खापरलेख आहेत.

वरीलपैकी अनेक वस्तू फायन्सच्या आहेत. फायन्स ही माती नव्हे. गारगोटीची पूड, थोडा चुना, क्षार आणि तांब्याचा अंश यांच्या मिश्रणाला आकार देऊन ते वाळविले की क्षार पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत वितळून निळ्या-हिरव्या काचेचा लेप आपोआप तयार होतो. पिरोजासारख्या महाग रत्नाचा रंग अशा रीतीने सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

संग्रह जपणारी माणसे

पेट्री दरवर्षी हिवाळ्यात उत्खननासाठी बाहेर असत. त्या काळात अध्यापन व विभागाची व्यवस्था मार्गारेट मरे (१८६३–१९६३) यांच्यावर असे. त्यांचा जन्म कोलकाता येथे झाला होता. १८९४ मध्ये विद्यार्थिनी म्हणून दाखल झालेल्या मरे पुढे त्याच विभागात प्राध्यापक झाल्या आणि इजिप्तविद्येच्या अनेक पिढ्यांना त्यांनी शिकविले. पेट्री यांच्या पत्नी हिल्डा यांनी उत्खननस्थळी रेखाटने, नोंदी व निधिसंकलन ही कामे सांभाळली.

प्रत्यक्ष खोदकाम इजिप्शियन कामगारांनी केले. लाहूनचे अली सुएफी हे पेट्री यांचे अनेक वर्षांचे विश्वासू सहकारी होते. बारीक वस्तू हेरण्यातील त्यांच्या कौशल्याची पेट्री यांनी वाखाणणी केली आहे. कोप्तोस, म्हणजे आजचे कुफ्त, येथील कामगार इतके निष्णात झाले की ‘कुफ्ती’ हा शब्द कुशल उत्खनन-कामगार या अर्थाने रूढ झाला. सापडलेली वस्तू परस्पर विकली जाऊ नये म्हणून पेट्री कामगाराला तिच्या बाजारभावाइतके बक्षीस देत. जुन्या प्रकाशनांत या कामगारांची नावे क्वचितच येतात. उत्खननाच्या वह्या व मजुरीच्या नोंदी तपासून ती उजेडात आणण्याचे काम स्टीफन क्वर्क यांनी ‘हिडन हँड्स’ (२०१०) या ग्रंथात केले आहे.

दुसऱ्या महायुद्धात संग्रहावर मोठे संकट आले. महाविद्यालयाच्या इमारतींवर १९४०–४१ मध्ये बॉम्ब पडले. आगी विझविण्यासाठी मारलेले पाणी वस्तू ठेवलेल्या खोल्यांत व पेट्यांत शिरले. या काळात व्हायोलेट लाफ्लर यांनी जवळजवळ एकटीने, विनावेतन, वस्तू बांधणे, भिजलेल्या वस्तू बाहेर काढून सुकविणे आणि पुन्हा पेट्यांत भरणे हे काम अनेक महिने केले. युद्धानंतर संग्रह पूर्वी तबेला असलेल्या इमारतीत हलविण्यात आला. तात्पुरती सोय म्हणून निवडलेली ती जागाच पुढे संग्रहालयाचे घर बनली.

वस्तूंची वाटणी व मालकीचा प्रश्न

या वस्तू लंडनला आल्या त्या मुख्यत्वे वाटणीच्या पद्धतीमुळे. उत्खननात मिळालेल्या वस्तूंपैकी महत्त्वाच्या वस्तू कैरोच्या संग्रहालयाने निवडून घ्याव्यात आणि उरलेल्या उत्खनकाला बाहेर नेऊ द्याव्यात, असा नियम होता. ही व्यवस्था कायदेशीर असली तरी ज्या काळात ती अमलात होती, त्या काळात इजिप्त १८८२ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि पुराणवस्तू खात्याचे प्रमुखपद फ्रेंच अधिकाऱ्यांकडे होते. इजिप्शियन लोकांचा या निर्णयांत फारसा वाटा नव्हता. १९२२ मध्ये तुतानखामेनचे थडगे सापडल्यानंतर नियम कडक झाले. पेट्री यांनी १९२६ मध्ये इजिप्त सोडून पॅलेस्टाइनमध्ये काम सुरू केले. १९८३ च्या इजिप्शियन कायद्याने पुराणवस्तू बाहेर नेण्याची वाट जवळजवळ बंद केली.

वाटणीचा आणखी एक परिणाम असा झाला की, एकाच थडग्यातील वस्तू निधी देणाऱ्या संस्थांमध्ये विखुरल्या गेल्या. जगभरातील शेकडो संग्रहालये, शाळा व विद्यापीठे यांच्याकडे अशा वस्तू पोहोचल्या. गर्झेचे मणी लंडन, मँचेस्टर व अन्यत्र विभागले जाणे हे त्याचे ठळक उदाहरण होय. ज्या संदर्भासाठी पेट्री आग्रही होते, तो संदर्भच या वाटणीने तुटला. अॅलिस स्टीव्हनसन यांनी ‘स्कॅटर्ड फाइंड्स’ (२०१९) या ग्रंथात या विखुरण्याचा इतिहास मांडला आहे.

वंशविचार आणि पुनर्मूल्यांकन

पेट्री हे सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते फ्रान्सिस गॉल्टन यांच्या संपर्कात होते. १८८७ मध्ये त्यांनी इजिप्शियन स्मारकांवरील निरनिराळ्या लोकांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे वंशांच्या अभ्यासासाठी जमविली. संस्कृतीतील बदल हे नव्या वंशाच्या आगमनामुळे होतात, या समजुतीचा त्यांच्या लेखनावर प्रभाव होता. नकादाच्या ‘नव्या वंशा’ची कल्पना त्यातूनच आली.

मेम्फिस येथे मिळालेल्या भाजक्या मातीच्या लहान शिरांचेही त्यांनी चेहरेपट्टीवरून वर्गीकरण केले. त्यांतील काही शिरे पर्शियन, काही सुमेरियन, तर काही भारतीय लोकांची आहेत, असे त्यांनी म्हटले आणि पर्शियन अमदानीत मेम्फिसमध्ये भारतीय वस्ती असल्याचा तो पुरावा मानला. पुढील अभ्यासकांनी या ओळखींवर व काळावर आक्षेप घेतले आहेत. अंगुळभर मूर्तीच्या नाकाडोळ्यांवरून माणसाचा देश ठरविणे आज शास्त्रीय मानले जात नाही. त्यामुळे प्राचीन भारत व इजिप्त यांच्या संबंधांसाठी ही शिरे निर्णायक पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० मध्ये गॉल्टन यांचे नाव आपल्या सभागृहावरून काढून टाकले. संग्रहालयानेही स्वतःच्या इतिहासाचा हा भाग प्रदर्शने व प्रकाशने यांतून मांडला आहे.

संग्रहालयाची रचना व उपयोग

संग्रहालयाच्या दालनांत जुन्या पद्धतीच्या काचपेट्यांत वस्तू दाटीवाटीने मांडलेल्या आहेत. एकाच प्रकारची पुष्कळ भांडी, मणी वा ताईत शेजारी शेजारी असल्यामुळे त्यांतील लहान फरक डोळ्यांना दिसतात. प्रत्येक वस्तूला ‘यूसी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आहे. सर्व वस्तूंची सूची महाजालावर खुली करण्यात आली असून क्रमांक, स्थळ, काळ वा प्रकार यांवरून वस्तू शोधता येते. त्यामुळे इजिप्तमधील व अन्य देशांतील अभ्यासकांना लंडनला न जाताही संग्रहाचा उपयोग करता येतो, तसेच विखुरलेल्या वस्तू पुन्हा त्यांच्या थडग्यांशी, निदान नोंदींच्या रूपाने, जोडता येतात.

संग्रहालय सर्वसामान्यांना विनामूल्य पाहता येते. विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या अध्यापनासाठी या वस्तूंचा वापर आजही होतो.